कांद्याला अर्धा तास

इटलीतल्या ग्रोस्सेतो शहराच्या मुख्य चौकात संगमरवराचा एक पुतळा उभा आहे. १८४६ सालचा. तस्कनीचा राजा, ग्रँड ड्यूक दुसरा लिओपोल्द, एका खंगलेल्या बाईला हात देऊन उठवतो आहे. बाईजवळ तिचं मरणपंथाला लागलेलं मूल आहे. पायाशी ग्रिफिन, म्हणजे अर्धा गरुड आणि अर्धा सिंह असा या शहराचा चिन्हप्राणी, सापाला चिरडतो आहे. ती बाई म्हणजे मारेम्मा, हा सगळा मुलूख. साप म्हणजे हिवताप. राजेलोकांचे पुतळे बहुतेक घोड्यावर बसलेले असतात. इथे राजा एका आजारी बाईपाशी उभा आहे, यावरून त्या मुलखाची अवस्था काय असेल ते कळतं.

या बाईच्या चुलीवर जे शिजायचं, त्याबद्दल हा लेख आहे. त्याचं नाव आक्वाकॉत्ता, शब्दशः शिजवलेलं पाणी. कांदा, सेलरी, टोमॅटो, पाणी, शिळा पाव आणि वर एक अंडं. आज तस्कनीतल्या हॉटेलांत ते मातीच्या सुबक वाडग्यात येतं, वर तुळशीच्या जातीचं बेझिलचं पान खोचलेलं असतं आणि बिल भरताना गरिबीची आठवण राहत नाही. आपल्याला मात्र ते घरी करायचं आहे. माझं म्हणणं एवढंच की हे सूप घरी करायचं तर त्याची गरिबी राखून करावं. त्याला श्रीमंत करायला गेलं की ते बिघडतं.

मारेम्मा म्हणजे तस्कनीचा दक्षिण किनारा आणि त्याला लागून असलेला लात्सिओचा उत्तर भाग. आज तिथे द्राक्षमळे आहेत, सूर्यफुलांची शेतं आहेत, युरोपभरचे लोक सुट्टीला येतात. दोनशे वर्षांपूर्वी तिथे दलदल होती. ओम्ब्रोने नदीचं पाणी समुद्राला मिळण्याआधीच सखल भागात पसरून साचायचं, आणि साचल्या पाण्यात डास. उन्हाळा लागला की ग्रोस्सेतोची सरकारी कचेरी, कोर्ट, कारकून सगळे चंबूगबाळं आवरून डोंगरावरच्या स्कान्सानो गावी मुक्कामाला जायचे. ही उन्हाळी पळापळ सरकारी नियमानेच चाले, आणि ती बंद झाली १८९७ साली. योगायोग असा की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला. पुढल्या वर्षी रोममध्ये जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रास्सीने माणसाचा हिवताप ॲनोफिलिस डासामुळेच पसरतो हे दाखवलं. श्रेय कोणाचं यावर दोघांत जी जुंपली ती मरेपर्यंत. नोबेल रॉसला मिळालं, १९०२ साली. मारेम्मातल्या मजुराला मिळाली ती क्विनाईनची गोळी. १९०० सालच्या कायद्याने सरकारने ती स्वतः विकायला घेतली, आणि तंबाखूच्या दुकानातसुद्धा ती मिळू लागली.

कारकून डोंगरावर जायचे तेव्हा मजूर खाली उतरायचे, कारण गव्हाची कापणी जून-जुलैत आणि डासही जून-जुलैत. कापणीला येणारे वेगळे, हिवाळ्यात मेंढरं घेऊन कासेंतीनोच्या डोंगरातून येणारे वेगळे, आणि पिस्तोयाच्या बाजूने येऊन महिनोन् महिने झाडीत खोपटं बांधून राहणारे कोळसे पाडणारे वेगळे. शिवाय बुत्तेरी होते, लांब शिंगांची करडी गुरं घोड्यावरून हाकणारे गुराखी. (१८९० साली बफेलो बिलची सर्कस रोमला आली तेव्हा रोमच्या दक्षिणेकडच्या अशाच गुराख्यांनी त्याच्या काउबॉयना घोडे माणसाळवण्याच्या शर्यतीत गाठलं होतं. जिंकलं कोण, यावर इटालियन लोकांच्या मनात शंका नाही.) या सगळ्यांजवळ भांडं एक, घरून आणलेला पाव, तेलाची बाटली, मीठ आणि कांदे. बाकी रानात सापडेल ते. पाव इतका वाळलेला की भिजवल्याशिवाय दात लागणार नाही. मग पाणी उकळायचं, त्याला कशाची तरी चव आणायची आणि पावावर ओतायचं. आक्वाकॉत्ताचा जन्म असा गरजेतून झाला. त्यात शोध कसला लावायचा?

यात टोमॅटो उशिरा आला. इटलीत टोमॅटो पोचल्याची जुनी नोंद तस्कनीतलीच आहे. ३१ ऑक्टोबर १५४८ रोजी पिसा इथे कोसिमो द मेदिचीच्या वाड्यावर एक टोपली आली आणि कारभाऱ्याने ती नीट पोचल्याचं कळवलं. पण खायला लागायला इटालियन माणसाने भरपूर वेळ घेतला. नेपल्सचा आन्तोनिओ लातीनी टोमॅटोच्या सॉसची कृती छापतो तेव्हा सतरावं शतक संपत आलेलं असतं, आणि तो सॉसही 'स्पॅनिश पद्धतीचा' म्हणून. गरिबाच्या भांड्यात टोमॅटो रुळला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधी आंबटपणासाठी कच्च्या द्राक्षांचा रस वापरत, असं जाणकार सांगतात. आपण कोकम-चिंच-कैरीवाले, त्यामुळे हे आपल्याला लगेच पटतं. कुठलंही पाणी आमटी व्हायला आधी आंबट व्हावं लागतं.

१८९१ साली फ्लॉरेन्सच्या पेल्लेग्रीनो आर्तूझीने पदरमोड करून आपलं प्रसिद्ध पाकपुस्तक छापलं, तोवर टोमॅटो घरोघरी पोचला होता. सॉसची कृती देताना आर्तूझी एका पाद्रीबुवांची गोष्ट सांगतो. हे बुवा गावातल्या प्रत्येक घरच्या भानगडीत नाक खुपसायचे, म्हणून लोकांनी त्यांचं नावच टोमॅटोबुवा ठेवलं होतं. टोमॅटोही तसाच, जिथे बघावं तिथे हजर.

आता स्वयंपाकघरात येऊ. चौघांसाठी मोठे दोन कांदे घ्या, चारशे ग्रॅम भरतील असे. सेलरीच्या दोन-तीन काड्या पानांसकट. पानं फेकू नका, वास त्यांच्यातच असतो. पिकलेले टोमॅटो अर्धा किलो, ऑलिव्ह तेल पाव वाटी, एक सुकी लाल मिरची, लिटरभर पाणी, चार अंडी, शिळ्या पावाचे चार जाड तुकडे आणि असलंच तर किसलेलं पेकोरीनो, म्हणजे मेंढीच्या दुधाचं खारट चीज. मसाला नाही. लसूण काही घरांत घालतात, पुष्कळ घरांत नाही. मी घालत नाही, कारण एकदा लसूण आली की कांद्याचं कोणी ऐकत नाही.

आणि हे सूप कांद्याचं आहे. टोमॅटोचं नाही, अंड्याचं तर नाहीच. मराठी हात इथेच अडखळतो. आपली फोडणी क्षणाची. तेल कडकडीत तापलं, मोहरी तडतडली, हिंग-हळद पडली, की खेळ संपला. आणखी दोन सेकंद थांबलं तर करपलं. तिकडची फोडणी अर्ध्या तासाची. तेल जेमतेम कोमट असताना त्यात कांदा पडतो. 'चर्र' असा आवाज झाला तर तेल जास्त तापलंय, गॅस बारीक करा. कांदा पातळ उभा चिरलेला, त्याच्याबरोबर बारीक चिरलेली सेलरी आणि सुरुवातीलाच चिमूट-दोन चिमूट मीठ, म्हणजे कांद्याला पाणी सुटतं आणि तो तळला न जाता स्वतःच्याच पाण्यात शिजतो. झाकण अर्धवट ठेवा.

पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही. कांदा पांढरा, कडक, हट्टी. वास कच्चा आणि डोळ्यांत जाणारा. पंधराव्या मिनिटाच्या आसपास तो काचेसारखा पारदर्शक होतो आणि आपल्याला वाटतं, झालं. झालेलं नसतं. तिथून पुढे तो आकसतो, मऊ पडतो, कडांना पिवळसर झाक येते आणि तेल पुन्हा वेगळं दिसायला लागतं. चमच्याच्या पाठीने भांड्याच्या कडेला दाबला तर विरघळला पाहिजे. वास बदललेला लगेच कळतो, तिखटपणा जाऊन गोडूस, दुधाळ वास येतो. तांबूस मात्र होऊ द्यायचा नाही. बिर्याणीचा बिरिस्ता आपल्याला करायचा नाहीये. कोळसे पाडणाऱ्या माणसाला हा अर्धा तास फुकट मिळायचा. विस्तव होता, दुसरं काही करायला नव्हतं. आपल्याला तो काढावा लागतो. या सुपातली एकमेव महागडी वस्तू ही.

टोमॅटोची सालं काढा. बुडाशी फुली मारून मिनिटभर उकळत्या पाण्यात, मग गार पाण्यात, की साल हाताने निघते. बिया काढू नका. पुष्कळ पुस्तकं काढायला सांगतात, पण बियांभोवतीच्या त्या गिळगिळीत गरातच ग्लुटामेट जास्त असतं, जेवणाला 'खमंग' म्हणायला लावणारं तेच द्रव्य. हाताने कुस्करून कांद्यात घाला, मिरची मोडून टाका आणि पुन्हा वीस मिनिटं मंद आचेवर राहू द्या. तेल सुटलं की कडकडीत गरम पाणी घालून आणखी वीस-पंचवीस मिनिटं उकळा. स्टॉकची क्यूब घालण्याचा मोह इथे होतो. घालू नका. नाव शिजवलेलं पाणी आहे, पाणीच घाला.

टोमॅटो कोणता, हा आपल्याकडे खरा प्रश्न. नारायणगाव, पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून येणारा संकरित टोमॅटो गाडीत क्रेटमध्ये रचून पाचशे मैल जावा म्हणून जाड सालीचा, घट्ट गराचा केलेला आहे. त्यात शेतकऱ्याचा दोष काय? मऊ टोमॅटोची वाटेतच चटणी होणार असेल तर तो लावील कशाला. २०२३च्या जुलैत भाव किलोला शंभराच्या वर गेले तेव्हा जुन्नर तालुक्यातले काही शेतकरी कोट्यधीश झाल्याच्या बातम्या आल्या. तोडणीची मजुरीही सुटत नाही म्हणून रस्त्याकडेला ओतलेल्या टोमॅटोच्या बातम्या त्याआधीही आल्या होत्या आणि त्यानंतरही आल्या. मंडईत चपटे, रेघारेघांचे, आंबट गावरान टोमॅटो दिसले तर डोळे झाकून घ्या. नाहीच मिळाले तर संकरित आणून दोन-तीन दिवस फ्रीजबाहेर लाल होऊ द्या.

इटालियन टोमॅटोचा डबा आता आपल्या दुकानांत मिळतो आणि सुपाला तो चांगला लागतो, हे मान्य. पण डब्यावर जे छापलेलं नसतं तेही सांगायला हवं. दक्षिण इटलीत फोज्जाच्या मैदानात हा टोमॅटो पिकतो, आणि तो तोडायला आफ्रिकेतून, पूर्व युरोपातून आलेले मजूर असतात. २०१८च्या ऑगस्टमध्ये तिथे दोन दिवसांच्या अंतराने दोन अपघात झाले आणि शेतावरून परतणारे १६ मजूर मेले. रोमच्या दक्षिणेला लातीना जिल्ह्यातल्या शेतांवर तर आपलेच लोक आहेत, हजारो पंजाबी. हा जिल्हाही मारेम्मासारखाच, दलदल उपसून वसवलेला. तिथल्या मजुरांनी २०१६च्या एप्रिलमध्ये संप केला, त्याच वर्षी मुकादमांच्या पिळवणुकीविरुद्ध कायदा झाला, आणि तरीही जून २०२४मध्ये यंत्रात हात तुटलेल्या एका पंजाबी मजुराला दवाखान्यात न नेता त्याच्या घराबाहेर टाकून दिलं गेलं. तो वाचला नाही. दलदल गेली, हिवताप गेला, १९७० साली जागतिक आरोग्य संघटनेने इटली हिवतापमुक्त झाल्याचं जाहीर केलं, १९५०च्या जमीनसुधारणा कायद्यानंतर मारेम्मातल्या भूमिहीनांना तुकडा तुकडा जमीनही मिळाली. पण उन्हात वाकून दुसऱ्याचं पीक काढणारा माणूस गेला नाही. फक्त तो आता दुरून येतो.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी हे सूप चाखलं आणि निकाल देऊन टाकला, "अगं, हे सारच की! वर अंडं सोडलंयस, एवढंच."

"काकू, साराला तुम्ही कांदा अर्धा तास परतता का?"

"अर्धा तास? गॅस काय तुझा बाप भरतो?"

काकूंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. टोमॅटोचं सार आणि हे लांबचे भाऊबंद म्हणता येतील. पण सार गाळून घेतात, त्यात नारळाचं दूध पडतं, तूप-जिऱ्याची फोडणी शेवटी बसते आणि ते भाताबरोबर भुरकायचं असतं. हे चावून खायचं सूप आहे. यात गाळायचं, वाटायचं काही नाही. मिक्सर जागेवरच राहू द्या.

अंड्याच्या बाबतीत मात्र आमच्या घरात मतभेद आहेत. टोमॅटो-कांद्यावर अंडं सोडणं जगभर चालतं. मुंबईचे पारशी 'टमेटा पर ईडू' करतात, ट्युनिशियात शकशुका, नेपल्समध्ये त्याच प्रकाराला 'शुद्धिलोकातली अंडी' असं भारदस्त नाव आहे. मारेम्मात दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे सूप मंद उकळत असताना पळीने खळगा करून त्यात अख्खं अंडं सोडायचं. दुसरी, वाडग्यातच अंडं आणि चीज फेटून ठेवायचं आणि वरून उकळतं सूप ओतत ढवळायचं. दुसरीत सूप दाट, मखमली होतं आणि लहान मुलं कुरकुर न करता खातात. मला पहिली आवडते.

त्यासाठी अंडं ताजं हवं. पाण्यात टाकलं की तळाशी आडवं पडलं पाहिजे. उभं राहिलं तर ते ऑम्लेटला ठेवा. अंडं आधी वाटीत फोडा, गॅस इतका बारीक करा की सुपावर फक्त कडेला एखादा बुडबुडा येतो, आणि वाटी सुपाला टेकवून अंडं अलगद आत सोडा. टोमॅटोच्या आंबटपणामुळे पांढरा भाग लवकर धरतो, पाण्यात व्हिनेगर घालून जे साधतात ते इथे आपोआप होतं. झाकण ठेवून तीन-चार मिनिटं. पांढरा दुधासारखा झाला आणि पिवळा अजून हलतोय, तेव्हा उतरवा. आधी पिवळ्यावर पातळ पांढरा पडदा येतो, त्यानंतर मिनिटभरात पिवळाही घट्ट होतो. फोन आला तर घेऊ नका. हे अंडं रोजचं नव्हतं, हेही ध्यानात असू द्या. कोंबडी असली आणि अंडं विकायचं नसलं तर ते भांड्यात पडायचं. डोंगरात, आमियाताच्या बाजूला, त्याऐवजी आळंबी घालतात. लात्सिओकडच्या वितेर्बोत रानभाजी, बटाटे, रानपुदिना आणि जमलं तर खारवलेला मासा. ज्याच्या रानात जे, ते.

पावाचं काय? तस्कनीचा पाव अळणी असतो. मीठच नसतं त्यात. पाहुणे नाक मुरडतात, पण तो पाव शिळा झाला की खडखडीत वाळतो आणि सुपात पडल्यावर सगळं मीठ, सगळी चव पिऊन घेतो, तरी त्याचा लगदा होत नाही. आपला लादीपाव इथे कामाचा नाही. मऊ, किंचित गोडसर असतो आणि सूप लागताच विरतो. सगळ्यात चांगली उतरते ती गोव्याची पोई. कोंड्याची, आतून पोकळ, पोदेराकडून, म्हणजे तिथल्या पाववाल्याकडून, सकाळी घेतलेली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत विसरलेली. पोर्तुगिजांनी पाव आणला, टोमॅटोही त्यांच्याच गलबतांतून या किनाऱ्याला लागला असं मानतात, तेव्हा दोघांची इथे भेट घालून द्यायला हरकत नाही. पोई नसेल तर गव्हाचा साधा ब्राऊन ब्रेड तव्यावर तेलाशिवाय खरपूस करून घ्या. शिळी ज्वारीची भाकरी कुस्करून घातली तर? चव उत्तम, पण मग ते सूप राहत नाही, काला होतो. मला त्याचंही वावडं नाही, फक्त त्याला इटालियन म्हणू नका.

वाढताना पाव आधी वाडग्यात, त्यावर चीज, मग अंड्यासकट सूप, वर कच्च्या ऑलिव्ह तेलाचे चार थेंब. दोन मिनिटं थांबून मग चमचा घाला. पेकोरीनो मोठ्या शहरांत मिळतं, नाही मिळालं तर पार्मेझान, तेही नसेल तर काहीच नको. प्रोसेस्ड चीजची क्यूब किसून घातलीत तर तारा सुटतील आणि वासही वेगळाच येईल. सेलरी मिळाली नाही तर कोथिंबिरीचे जाड देठ आणि गाजराचा छोटा तुकडा चालून जातो. ओव्याची पानं मात्र नकोत, दुसरं काही लागायचं नाही.

पहिल्या खेपेला एवढंच करा. क्रीम, कॉर्नफ्लोअर, मॅगी मसाला, काळी मिरी, यातलं काहीही डब्यातून बाहेर काढू नका. आणि घरात शिळा पाव नसेल तर ताज्या पावावर हे सूप उरकू नका. पाव आज आणा, सूप उद्या करा.